खोपोलीत वीज तयार करणारे दोराबजी टाटा आणि बायकोच्या कॅन्सरनंतर उभं राहिलेलं परळचं टाटा हॉस्पिटल

कर्जत-खालापूरमध्ये 'टाटा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत.

पहिला अर्थ विजेचा. खोपोलीत डोंगरावरून खाली उतरणारे जाडजूड लोखंडी पाइप, खाली पॉवर हाउस, बाजूला कॉलनी. कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही तसंच. तिथे 'टाटामध्ये कामाला आहे' म्हटलं की लोकांना पुढचं काही सांगावं लागत नाही.

दुसरा अर्थ मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही. गावात कुणाच्या गालात गाठ निघाली, कुणाचं तोंड उघडेना, कुणाचा आवाज बसला तो महिनाभर सुटेना, की काही दिवसांनी कानावर येतं, 'त्याला टाटाला नेलंय.' मग कुठला आजार, हे कुणी विचारत नाही.

हे दोन्ही 'टाटा' एकाच माणसापर्यंत जाऊन पोचतात. त्याचं नाव सर दोराबजी टाटा. जमशेदजींचा मोठा मुलगा. जमशेदजी सगळ्यांना माहीत असतात, जेआरडी माहीत असतात, रतन टाटा तर माहीत असतातच. दोराबजी मधल्या मध्ये राहून जातात. पण खोपोलीचं पॉवर हाउस त्यांच्या हातून उभं राहिलं आणि परळचं हॉस्पिटल त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून.

फुटबॉल, क्रिकेट आणि दोन वर्षं पत्रकारिता

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ ला मुंबईत झाला. शाळा मुंबईत, मग इंग्लंड, मग केंब्रिजचं गॉनव्हिल अँड कीज कॉलेज. केंब्रिजमध्ये त्यांनी अभ्यासापेक्षा मैदानावर जास्त नाव कमावलं. क्रिकेट, फुटबॉल, दोन्हीत पुढे. १८७९ मध्ये ते परत आले आणि सेंट झेविअर्स कॉलेजातून १८८२ साली पदवी घेतली.

आता एवढ्या मोठ्या उद्योगपतीचा मुलगा थेट वडिलांच्या खुर्चीशेजारी बसला असेल असं वाटेल. तर नाही. दोराबजींनी दोनेक वर्षं 'बॉम्बे गॅझेट' या वर्तमानपत्रात बातमीदारी केली. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापडधंद्यात आले.

लग्न तसं उशिरा झालं. जमशेदजी म्हैसूर संस्थानात गेले होते, तिथे शिक्षण खात्यात वरच्या पदावर असलेल्या होरमसजी भाभांच्या घराशी ओळख झाली. घरातली मुलगी मेहेरबाई, वयानं दोराबजींपेक्षा तब्बल वीस वर्षांनी लहान, शिकलेली, टेनिस खेळणारी. हे लग्न जमलं. भाभा हे आडनाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

वडिलांची स्वप्नं मुलाच्या अंगावर

१९०४ मध्ये जमशेदजी जर्मनीत वारले. त्यांनी तीन मोठ्या गोष्टी मनात धरल्या होत्या. पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि पाण्यापासून वीज. तिन्हींपैकी एकही पूर्ण झालेली नव्हती. दोराबजी तेव्हा ४४ वर्षांचे होते.

पोलादाची गोष्ट मोठी आहे, ती इथे थोडक्यात. लोखंडाच्या शोधात दोराबजी आधी आपल्या चंद्रपूर भागात भटकले, बैलगाडीतून, जंगलातून. तिथे धंदा होईल एवढा साठा मिळेना. प्रकल्प सोडतोय हे कळवायला ते नागपूरला सचिवालयात गेले आणि ज्यांना भेटायचं ते साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथल्या भूगर्भ नकाशावर दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाची खूण त्यांना दिसली आणि शोध पुन्हा सुरू झाला. १९०७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनी निघाली, १९१२ साली जमशेदपुरात पोलाद तयार झालं. बंगळुरूची विज्ञान संस्था १९०९ मध्ये मार्गी लागली. १९१० मध्ये दोराबजींना 'सर' हा किताब मिळाला.

राहिली वीज. आणि ही गोष्ट थेट खालापूर तालुक्यात येते.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, वर सगळ्या परळ-लालबागवर धूर. दुसरीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या आसपास पाऊस असा कोसळतो की विचारू नका. पण ते पाणी घाटाखाली येत नाही. ते इंद्रायणी, आंद्रा, मुळा अशा नद्यांतून पूर्वेला जातं, भीमेला मिळतं, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. हे पाणी माथ्यावर अडवायचं, पाइपातून कड्याखाली सोडायचं आणि त्या जोरावर यंत्र फिरवायचं, अशी कल्पना. माथ्यावरून पायथ्यापर्यंत पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली येतं. एवढ्या उंचीवरून पडणारं पाणी थोडं असलं तरी त्यात भरपूर ताकद असते.

१९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला वळवण धरणाची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण, शिरोता अशी तळी तयार झाली, आणि खाली खोपोलीत पॉवर हाउस. १९१५ च्या फेब्रुवारीत वीज सुरू झाली. तारा खोपोलीहून निघाल्या आणि मुंबईत परळला पोचल्या, कारण गिराईक तिथे होतं. गिरण्या.

कर्जतची पाळी पुढे आली. १९१६ मध्ये आंद्रा व्हॅली कंपनी निघाली, ठोकरवाडीला धरण झालं आणि १९२२ साली भिवपुरीचं वीज केंद्र सुरू झालं. आजही दोन्ही चालू आहेत. खोपोलीची क्षमता ७२ मेगावॉट, भिवपुरीची ७५. यंत्रातून बाहेर पडलेलं खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं आणि भिवपुरीचं उल्हास नदीकडे. उन्हाळ्यातही या नद्या वाहताना दिसतात, त्यात या पाण्याचा मोठा हात आहे.

सगळं गोडगोड होतं असं नाही. तिसऱ्या योजनेसाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट पुढे होते. बापटांनी तुरुंगवास भोगला. १९२४ पर्यंत लढा चालला आणि धरण तरीही झालं. त्याचं वीज केंद्र रायगडमध्येच भिरा इथे आहे. दोराबजींचं चरित्र सांगताना हे पान गाळलं तर ते चरित्र अर्धं राहील. गिरणीचा धूर कमी व्हावा म्हणून कुणाची तरी भातखाचरं बुडाली.

कोहिनूरपेक्षा मोठा हिरा

दोराबजींना दागिन्यांचा शौक होता की नाही ते सोडा, पण बायकोसाठी त्यांनी जे घेतलं त्याची चर्चा आजही होते. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एका खाणीत एक प्रचंड हिरा सापडला होता. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १८९७ साली, त्याचं नाव 'ज्युबिली' ठेवलं गेलं. वजन २४५ कॅरेटहून जास्त. तुलनेसाठी, कोहिनूर आज साधारण १०५ कॅरेटचा आहे. हा हिरा दोराबजींनी मेहेरबाईंसाठी विकत घेतला.

१९२४ मध्ये टाटा स्टील बुडायच्या बेतात आली. पहिल्या महायुद्धानंतर भाव पडले होते, कारखाना वाढवण्यावर पैसा ओतला होता, आणि एक वेळ अशी आली की कामगारांचा पगार द्यायला पैसे नव्हते. तेव्हा दोराबजींनी स्वतःची सगळी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. साधारण १ कोटी रुपयांची. त्यात मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही होता. कंपनी वाचली, हिरा परत आला.

मधल्या काळात त्यांचं खेळाचं वेडही सुरूच होतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत साधी शेतकरी पोरं अनवाणी पळताना त्यांनी पाहिली आणि ही मुलं ऑलिंपिकला जायला हवीत असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. १९२० च्या अँटवर्पला भारताचा संघ गेला तो त्यांच्या पुढाकारानं आणि बऱ्याच अंशी त्यांच्या पैशानं. इंडियन ऑलिंपिक असोसिएशनचे पहिले अध्यक्ष तेच. आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मेहेरबाई स्वतः टेनिसच्या मिश्र दुहेरीत उतरल्या, साडी नेसून.

मेहेरबाईंची ओळख 'टाटांची बायको' एवढीच नव्हती. मुलींचं शिक्षण, पडदा, मतदानाचा हक्क या विषयांवर त्या देशात आणि परदेशात बोलायच्या. बालविवाहाविरुद्धचा जो शारदा कायदा १९२९ मध्ये झाला, त्याच्या बाजूनं त्या उभ्या होत्या.

आणि मग त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला. ल्युकेमिया.

पैसा होता, उपचार नव्हता

मेहेरबाईंवर उत्तर वेल्समधल्या रुथिन नावाच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये उपचार झाले. १८ जून १९३१ ला त्या गेल्या. वय ५१.

देशातल्या मोठ्या श्रीमंतांपैकी एक माणूस, ज्याच्याकडे कोहिनूरपेक्षा मोठा हिरा, त्याला बायकोच्या उपचारासाठी जहाजानं दुसऱ्या खंडात जावं लागलं आणि तरी ती वाचली नाही. तेव्हा ल्युकेमियावर औषध कुणाकडेच नव्हतं. पण इतर कॅन्सरवर रेडियमनं आणि शस्त्रक्रियेनं इलाज सुरू झाले होते. भारतात मात्र त्यासाठी वेगळं, सुसज्ज असं हॉस्पिटल नव्हतं. ज्याच्याकडे जहाजाचं तिकीट नाही त्यानं काय करायचं?

दोराबजींना मूलबाळ नव्हतं. बायकोच्या मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत त्यांनी दोन गोष्टी केल्या. मार्च १९३२ मध्ये आपली सगळी संपत्ती एका ट्रस्टला देऊन टाकली. शेअर, जमिनी, मेहेरबाईंचे दागिने, अगदी मोत्याच्या टायपिनसकट. त्या काळातले सुमारे १ कोटी रुपये. हाच सर दोराबजी टाटा ट्रस्ट. आणि एप्रिलमध्ये ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी बायकोच्या नावानं 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट' काढला, जो आजही जगभरातल्या संशोधकांना पैसे देतो.

मग ते युरोपला निघाले. बायकोच्या पहिल्या स्मृतिदिनाला तिच्या समाधीवर जायचं होतं. ते तिथे पोचलेच नाहीत. ३ जून १९३२ ला जर्मनीतल्या बाड किसिंगेनमध्ये त्यांचं निधन झालं. स्मृतिदिनाला पंधरा दिवस बाकी होते. इंग्लंडच्या ब्रुकवुड दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी विसावले आहेत.

नऊ वर्षांनी उघडलेलं दार

दोराबजींच्या मनात होतं तसं हॉस्पिटल त्यांच्या हयातीत झालं नाही. त्यांच्यानंतर नवरोजी सकलातवालांनी काम पुढे नेलं. १९३७ मध्ये ज्युबिली हिरा विकला गेला आणि ते पैसे ट्रस्टकडे आले. १९३८ मध्ये सकलातवालाही गेले, मग तरुण जेआरडींनी ते तडीस नेलं.

जागा निवडली परळ. मलबार हिल नाही, फोर्ट नाही. गिरणगाव. जिथे खोपोलीची वीज येऊन गिरण्या चालवत होती, त्याच वस्तीत सात मजली इमारत उभी राहिली. २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. तेव्हा तिथे ८० खाटा होत्या आणि वर्षाचा खर्च ५ लाख रुपये.

हॉस्पिटल उभं राहिलं एका बाईच्या ल्युकेमियामुळे. तो असा आजार होता की त्यात तिची काही चूक नव्हती, आधी काही दिसत नव्हतं आणि कितीही पैसा टाकून उपयोग नव्हता. पण दारातून जे रुग्ण येऊ लागले, त्यांच्यात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण फार मोठ्या संख्येनं होते. म्हणजे बरोबर उलटा प्रकार. बहुतेकांचं कारण तंबाखू, जी सोडता येते. आणि आजार अशा जागी, जिथे आरशासमोर 'आ' केलं की दिसतो.

हे कागदावर मांडलं एका मराठी डॉक्टरनं. वसंत रामजी खानोलकर. टाटा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळा आणि संशोधनाचे ते प्रमुख होते. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. १९४४ मध्ये, म्हणजे हॉस्पिटल सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती तेव्हा, त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत एका शहरातून एका अवयवाचे एवढे रुग्ण. युरोप-अमेरिकेच्या डॉक्टरांना हा आकडा चक्रावून टाकणारा होता, कारण तिथे तोंडाचा कॅन्सर एवढा आढळत नव्हता. तिकडे लोक तंबाखू मुख्यतः ओढत होते. इकडे ती ओढतही होते आणि गालात धरूनही बसत होते.

गालात धरल्यानं नेमकं काय होतं?

तंबाखूत कॅन्सर करणारी बरीच रसायनं असतात, त्यातली नायट्रोसामाइन्स सगळ्यात कुप्रसिद्ध. चुना लावून मळला की तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या पातळ कातडीतून पटकन रक्तात जातं. तल्लफ लगेच भागते ती त्यामुळे. पण तोच चुना कातडी भाजतो, आणि ती गोळी रोज त्याच कोपऱ्यात, तासन्‌तास. म्हणून आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा गालाच्या आत आणि हिरडीच्या खाचेत सापडतो, जिथे बार भरायची सवय असते त्याच बाजूला.

सुपारीचं वेगळंच. नुसती सुपारी निरुपद्रवी आहे असं अजूनही खूप लोकांना वाटतं. ती स्वतंत्रपणे कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं जाहीर केलेलं आहे. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातली कातडी आतून कडक दोरीसारखी होत जाते. आधी तिखट सहन होत नाही, मग तोंड तीन बोटांएवढं उघडत नाही, मग दोन. हा कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या आधीचं स्टेशन आहे.

मिश्रीबद्दलही बोलायला हवं, कारण तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड, सकाळी दात घासायला म्हणून बायका लावतात आणि मग दिवसातून चार वेळा लावतात. घासायला लावली काय आणि खाल्ली काय, तोंडाला ती तंबाखूच.

आणि विडी-सिगारेट? विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते म्हणून ती सौम्य, असा एक समज आहे. पण तेंदूपत्त्यातून हवा आत येत नाही, विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोरात ओढावी लागते, आणि डांबर, निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड छातीत सिगारेटपेक्षा कमी जात नाही. धूर जातो त्या वाटेवरचं सगळं धोक्यात येतं. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र, फुप्फुस, आणि रक्तात उतरल्यावर हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्याही. शेजारी बसून तो धूर घेणाऱ्या घरच्यांनाही सूट नाही. सोबत दारू असेल तर धोका नुसता दुप्पट होत नाही, दोन्ही एकमेकांना वाढवतात.

दोराबजींच्या पैशाची अजून एक फेरी

भाभा आडनाव आठवतंय? मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा म्हणजे होमी भाभा. १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून विज्ञान संशोधन संस्थेसाठी मदत मागितली आणि १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर सुरू झाली. अणुविज्ञानासाठी प्रसिद्ध असलेल्या या संस्थेत दातांवर संशोधन करणारा एक विभागही होता, हे फार जणांना माहीत नसतं. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तिथून घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासायचं काम हाती घेतलं. महाराष्ट्रात १ लाखाहून जास्त खेडूतांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले. कॅन्सर आणि कॅन्सरआधीचे पांढरे चट्टे तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये एकवटलेले होते.

याच गटानं पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमध्ये ३६ हजारांहून जास्त तंबाखू वापरणाऱ्यांना गाठलं. नुसतं तपासलं नाही, त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलत राहिले. सवय सोडलेल्यांचे आणि कमी केलेल्यांचे चट्टे कमी झाले. याला ना रेडियम लागलं ना ऑपरेशन.

हॉस्पिटलचं पुढे काय झालं? १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आलं, आणि त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा. आत्याच्या आजारातून उभं राहिलेलं हॉस्पिटल भाच्याच्या खात्याकडे आलं. रेडिएशननं उपचार करणारी जागा अणुऊर्जा खात्याखाली असावी, यात तर्क आहेच. १९६६ मध्ये खानोलकरांनी उभारलेलं कॅन्सर संशोधन केंद्र आणि हॉस्पिटल एकत्र झालं.

आज घाटाखाली

राष्ट्रीय पातळीवरच्या तंबाखू सर्वेक्षणात, २०१६-१७ मध्ये, महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात असं दिसलं. यात ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे प्रश्न सिगारेटपेक्षा पुडीचा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ-तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू. भारतीय पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर.

बहुतेक जण उशिरा पोचतात. कारण सुरुवातीला दुखत नाही. दोन-तीन आठवडे न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हलणारा दात, गालात किंवा मानेला गाठ, तिखट न सोसणं, तोंड कमी उघडणं, गिळताना अडकणं, बसलेला आवाज. यातलं काहीही तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टर किंवा डेंटिस्टला तोंड उघडून दाखवायचं. सरकारच्या आरोग्य केंद्रांमध्ये तिशीपुढच्या लोकांसाठी ही तपासणी कार्यक्रमात आहे आणि तिला टॉर्च आणि दोन-तीन मिनिटं लागतात. केरळात तिरुवनंतपुरमला अशाच साध्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला होता. २००५ मध्ये निकाल आले तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू एक तृतीयांशानं घटलेले दिसले.

सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर आहे, पुडीवर आणि पाकिटावर छापलेला असतो. धूम्रपान सोडलं की पाच ते दहा वर्षांत तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका निम्म्यावर येतो.

लवकर सापडला तर बऱ्याचदा एका ऑपरेशनवर भागतं. उशीर झाला तर जबड्याचा भाग काढावा लागतो, वर रेडिएशन, वर केमो. रेडिएशन म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, सलग सहा-सात आठवडे. खोपोली किंवा कर्जतच्या माणसानं यासाठी वर्षानुवर्षं पहाटेची लोकल धरली आहे, दादर-परळला उतरून रांगेत उभा राहिला आहे आणि संध्याकाळी गळा भाजलेल्या अवस्थेत गर्दीतून परत आला आहे. लांबून आलेले लोक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तरी राहतात. रायगडच्या माणसाला रोज घरी येता येतं, म्हणून तो रोजच जा-ये करतो.

२००२ पासून टाटा मेमोरियलचं दुसरं केंद्र पनवेल तालुक्यात खारघरला आहे. खोपोलीहून ते परळपेक्षा बरंच जवळ पडतं.